उभी राहिली पण गायली नाहीत: कोट्टायमच्या तीन भावंडांचं प्रकरण

राष्ट्रगीताचा वाद निघाला की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो देशात राहायचं तर गायलाच पाहिजे, दुसरा म्हणतो सक्ती कसली करता, आणि मग दोन्हीकडून तीच ती वाक्यं. त्यापेक्षा एकच प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघू. केरळमधलं आहे, १९८५-८६ चं: राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून तीन भावंडांना शाळेतून काढलं, त्याचं. लॉच्या पोरांना ते नावासकट पाठ असतं कारण निकालाला थोरल्या मुलाचंच नाव आहे, पण ती तेव्हा शाळकरी पोरं होती आणि प्रसिद्धी त्यांनी काही मागितली नव्हती, म्हणून इथे त्यांचं, शाळेचं, आमदाराचं कुणाचंच नाव टाकत नाहीये. न्यायाधीशांची टाकलीत, त्यांचं काम जाहीरच असतं.

पार्श्वभूमी

कोट्टायम जिल्ह्यातलं एक गाव आणि तिथलं हायस्कूल. तीन भावंडं तिथे शिकत होती, थोरला दहावीत, मधली नववीत, धाकटी पाचवीत. घर 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचं. मुंबई-पुण्यात यांची माणसं दारावर येऊन मासिकं देतात, बोलतात, तेवढीच आपली ओळख. पंथ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. ही मंडळी मतदान करत नाहीत, सैन्यात जात नाहीत, कुठल्याच देशाच्या झेंड्याला सॅल्यूट करत नाहीत. कुठल्याच म्हणजे खरंच कुठल्याच. हिटलरच्या जर्मनीत 'हाइल' म्हणायला नकार दिला म्हणून त्यांना छळछावण्यांत टाकलं होतं आणि कपड्यांवर ओळखीसाठी जांभळा त्रिकोण शिवला होता. हे आधीच सांगतोय कारण "यांना भारताचंच वावडं का" हा प्रश्न पहिला येतो. भारताचं असं खास काही नाही, राष्ट्र नावाच्या गोष्टीपुढे कुठलाही विधी करायचा नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

आता शाळेत ही मुलं नेमकं काय करायची? सकाळी परिपाठाला सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहायची, 'जन गण मन' सुरू झालं की ताठ, गप्प, संपेपर्यंत. गायची नाहीत, बस. गाण्यातल्या शब्दांवर त्यांचा आक्षेप नव्हता, अर्थावरही नव्हता. गाणं हीच एक प्रार्थनेसारखी कृती आहे आणि ती आपण फक्त यहोवापुढे करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आधी घरातली मोठी भावंडंही याच शाळेत असंच करून गेली होती. बाईंना माहीत होतं, वर्गातल्या पोरांना माहीत होतं. वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नियमांची बाजू पण बघून घेऊ. केरळच्या शिक्षण खात्याची दोन सर्क्युलर होती, एक सप्टेंबर १९६१ चं आणि दुसरं फेब्रुवारी १९७० चं. त्यात म्हटलं होतं की रोज शाळा भरताना सगळे विद्यार्थी आणि शिक्षक जमतील, राष्ट्रगीत होईल, मग सगळे एका आवाजात प्रतिज्ञा म्हणतील आणि वर्गात जातील. आपल्या परिपाठासारखंच. याशिवाय १९७१ चा राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाचा केंद्राचा कायदा आहे, त्यातलं कलम ३ म्हणतं की जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्यात अडथळा आणला किंवा गाणाऱ्या सभेत गोंधळ घातला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. न गाणं हा गुन्हा आहे असं त्यात कुठेच नाही. आणि १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं आली, त्यातलं पहिलंच संविधानाचा, राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर राखण्याचं.

काळही लक्षात ठेवा. १९८४ चं वर्ष पंजाब, इंदिराजींची हत्या, शीखविरोधी दंगली यात गेलेलं. १९८५ च्या एप्रिलमध्ये घटस्फोटित मुस्लिम बाईच्या पोटगीचा शहाबानो निकाल आला आणि त्यावरून देश ढवळून निघत होता. राष्ट्रीय एकात्मता हा शब्द तेव्हा रोज कानावर पडायचा, रेडिओ टीव्ही सगळीकडे. अशा दिवसांत गप्प उभं राहिलेलं एखादं मूल सुद्धा लोकांच्या डोळ्यात भरतं.

अडचण कशी सुरू झाली

जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या लक्षात आलं की ही मुलं गात नाहीत. त्यांना ते देशभक्तीला धरून वाटलं नाही आणि त्यांनी थेट विधानसभेत प्रश्न टाकला. सुप्रीम कोर्टाच्या निकालात या आमदारांचा उल्लेख 'देशभक्त गृहस्थ' असा आलाय, न्यायमूर्तींच्या पेनातला तिरकसपणा तिथे लपत नाही.

प्रश्न आला म्हटल्यावर सरकारनं चौकशी समिती नेमली. आणि कोर्टापुढे जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे समितीचा निष्कर्ष काय, तर मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा कसलाही अनादर केलेला नाही. विषय खरं तर इथेच मिटायला हवा होता. पण शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकाकडून सूचना आली आणि हेडबाईंनी २६ जुलै १९८५ पासून तिघांना शाळेतून काढलं. वडील जाऊन भेटले, म्हणाले सरकारचा अंतिम आदेश येईपर्यंत तरी मुलांना बसू द्या. बाई म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही.

कोणापुढे कोणते रस्ते होते

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस इथे वाटतो, कारण कोर्टात जाण्याआधी निदान चार ठिकाणी हे थांबू शकत होतं.

आमदारसाहेब आधी शाळेत जाऊन हेडबाईंशी बोलू शकले असते. पाच मिनिटांत कळलं असतं की मुलं उभी राहतात, चाळे करत नाहीत, इतकी वर्षं असंच चाललंय. पण प्रश्न एकदा सभागृहात गेला की तो मुलांचा राहत नाही, सरकारची अब्रू त्यात अडकते आणि मग 'काहीतरी केलं' असं दाखवावं लागतं. सरकारपुढे दोन पर्याय होते: समितीचा निष्कर्ष सभागृहात सांगून विषय बंद करायचा, किंवा खालच्या यंत्रणेला काय करायचं ते करू द्यायचं. आधी चौकशी करायची, ती मुलांच्या बाजूनं आली तरी कारवाई करायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

उपनिरीक्षकानं सूचना देताना एकच गोष्ट बघायची होती, की कुठल्या नियमाखाली? त्याच्याकडे होती ती दोन सर्क्युलर, त्यात गाणार नाही त्याला शाळेतून काढा असं काही नाही. केरळच्या शिक्षण नियमांत शिस्तभंगाची कारवाई आहे पण ती गैरवर्तन, मुद्दाम आज्ञा मोडणं असल्या गोष्टींसाठी, आणि इथे तर मुलांचं वर्तन चांगलं आहे हे सगळेच मान्य करत होते.

हेडबाईंची अडचण मला समजते. वरून साहेबांचा निरोप आलाय, वर विधानसभेपर्यंत गेलेलं प्रकरण, नोकरी आपली. तरी एक साधी गोष्ट करता आली असती: "आदेश लेखी द्या आणि कुठल्या नियमाखाली ते त्यात लिहा" असं उलट कळवायचं. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मुख्याध्यापकाला हा उपाय माहीत असतो. लेखी मागितलं की अर्धे निरोप तिथेच विरून जातात.

राहिले वडील. त्यांच्यापुढचे रस्ते जास्त अवघड. मुलांना गायला सांगायचं, म्हणजे श्रद्धा सोडायची. दुसरी शाळा बघायची, तर तिथेही हेच सर्क्युलर. कोर्टात जायचं, त्याला वेळ आणि पैसा. आणि चौथा रस्ता, ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे नुसते ओठ हलवायचे. कुठल्याही शाळेच्या परिपाठाला जाऊन मागच्या दोन रांगा बघा, निम्मी पोरं हेच करत असतात आणि कुणाची देशभक्ती त्यावरून तपासली जात नाही. या तिघांनी ओठ हलवले असते तर आमदारांना काहीही दिसलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. म्हणजे नियम ज्या पद्धतीनं राबवला गेला त्यात खोटं वागणारा सुटत होता आणि प्रामाणिकपणे गप्प राहणारा अडकत होता, हे मला तरी सक्तीविरुद्धचं सगळ्यात भक्कम कारण वाटतं.

वडिलांनी कोर्टाचा रस्ता धरला.

हायकोर्टात काय बिनसलं

केरळ हायकोर्टात आधी एका न्यायाधीशांनी आणि मग दोघांच्या बेंचनं, दोन्हीकडे याचिका फेटाळली गेली. बेंचनं राष्ट्रगीताचा शब्दन्‌शब्द तपासला आणि निष्कर्ष काढला की कुणाच्याही धार्मिक भावना दुखावतील असं यात काहीच नाही. वाचायला बरोबरच वाटतं. पण मुलांचं म्हणणं ते नव्हतंच! शब्द वाईट आहेत असं ती म्हणतच नव्हती, गाण्याची कृती त्यांच्या धर्मात बसत नाही असं म्हणत होती. सुप्रीम कोर्टानं नंतर सरळ सांगितलं की हायकोर्ट भलत्याच वाटेला गेलं.

ही चूक नुसती तांत्रिक नाहीये म्हणून जरा थांबतो. बहुसंख्य माणूस अल्पसंख्याची श्रद्धा स्वतःच्या डोक्यानं तपासतो आणि म्हणतो, अरे यात दुखावण्यासारखं आहेच काय? त्याला खरंच दिसत नाही, तो खोटं बोलत नसतो. प्रश्न एवढाच की त्याला दिसणं ही कसोटी धरायची का. मुंबई हायकोर्टात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पारशांच्या मुक्ताद, म्हणजे पितरांसाठीच्या, विधींच्या ट्रस्टचा खटला आला होता, त्यात न्यायमूर्ती दावर यांनी म्हटलं होतं की समाजाची ती श्रद्धा आहे हे सिद्ध झालं की न्यायाधीशानं ती मान्य करायची, तिच्यावर निवाडा देत बसायचं नाही. (हो, तेच दावर ज्यांनी १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. माणसाची सगळीच वाक्यं एका रंगाची नसतात.) पुढे १९५४ मध्ये मुंबई राज्याच्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्यावरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं दावरांचं हे म्हणणं उचललं आणि तिथून ते १९८६ च्या आपल्या प्रकरणात पोचलं. म्हणजे केरळच्या मुलांच्या निकालाचा एक धागा मुंबईतून गेलाय.

सुप्रीम कोर्टाचा निर्णय

११ ऑगस्ट १९८६. बेंच न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांचं. निकाल लांबलचक नाही आणि भाषा सोपी आहे, कुणालाही वाचता येईल असा.

कोर्टानं दोन वाटांनी विचार केला. पहिली वाट बोलण्याच्या स्वातंत्र्याची, म्हणजे कलम १९(१)(अ). बोलण्याचा हक्क आहे तर गप्प राहण्याचाही आहे, आणि त्यावर बंधन घालायचं तर कायदा लागतो, तोही घटनेत दिलेल्या ठरावीक कारणांसाठीच. खात्याचं सर्क्युलर म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या मागे कुठलाच कायदा उभा नव्हता. १९७१ च्या कायद्यात न गाण्याची शिक्षा नाही. मूलभूत कर्तव्यांचं जे कलम ५१अ, त्यातलं कर्तव्य आदराचं आहे आणि आदरानं उभं राहिलं की आदर झाला, न गाणं म्हणजे अनादर असं म्हणता येत नाही.

दुसरी वाट कलम २५ ची, सदसद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य. इथे कोर्टानं म्हटलं की श्रद्धा आम्हाला पटते का, ती तर्काला धरून आहे का, हा प्रश्नच नाही, ती मनापासून आणि खरेपणानं बाळगलेली आहे का एवढंच बघायचं. आणि कलम २५ बद्दल एक वाक्य आहे त्याचा आशय असा, की अगदी नगण्य अल्पसंख्य गटालाही देशाच्या संविधानाखाली आपली ओळख सापडते का, यावर खऱ्या लोकशाहीची परीक्षा होते. मुलांना परत घ्या, त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नका, लागतील त्या सोयी द्या, असा आदेश झाला.

कोर्टापुढे परदेशातले निकालही होते आणि त्यात अमेरिकेची गोष्ट बघण्यासारखी आहे. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या याच पंथाच्या दोन मुलांनी झेंड्याला सॅल्यूट करायला नकार दिला, त्यांना शाळेतून काढलं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टानं ८ विरुद्ध १ नं शाळेची बाजू घेतली. राष्ट्रीय एकता हा राष्ट्रीय सुरक्षेचा पाया आहे, असा न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचा युक्तिवाद. युरोपात युद्ध पेटलेलं. निकालानंतर अमेरिकेत गावोगावी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले, त्यांची सभागृहं जाळली गेली. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ ला, युद्ध ऐन भरात असताना त्याच कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं आपला निकाल फिरवला. आधीच्या बहुमतातल्या तीन न्यायाधीशांनी मत बदललं होतं. फिलिपाइन्सच्या कोर्टाला मात्र जास्त वेळ लागला, १९५९ मध्ये मुलांविरुद्ध निकाल दिला आणि १९९३ मध्ये, म्हणजे आपल्या निकालानंतर सात वर्षांनी, तो बदलला. आपल्याकडे वरच्या कोर्टात हा फेरा वाचला, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

ते हलकं आहे असं मला अजिबात वाटत नाही. इतक्या भाषा, इतक्या जाती, इतके धर्म असलेल्या देशात सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी मुळात मोजक्या. संविधान सभेत २४ जानेवारी १९५० ला 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून जाहीर झालं, ५२ सेकंदांचं गाणं, त्यात मराठी माणसाला 'मराठा' ऐकू येतो आणि द्रविडाला 'द्राविड'. रोज सकाळी शेजारी उभं राहून एकत्र गाण्यानं मुलांत काहीतरी रुजतं, हे खरं आहे. आणि एकाला सूट दिली तर उद्या दहा जण मागतील, ही भीतीही खोटी नाही.

पण सूट कशाची मागितली जातेय आणि तिचा भार कुणावर पडतो, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं. इथे बाकी सगळी शाळा गातच होती. कुणाचं गाणं थांबलं नाही, कुणाचा हक्क गेला नाही. याउलट दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाचं १९६२ चं प्रकरण घ्या. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये धर्मबहिष्कार बंदीचा कायदा केला होता, म्हणजे धर्मगुरूनं कुणाला समाजाबाहेर काढायचं नाही असा, आणि सुप्रीम कोर्टानं तो ४ विरुद्ध १ नं रद्द केला, समाजाला आपला धर्म सांभाळायचा हक्क आहे म्हणून. तिथे समाजाला जे स्वातंत्र्य मिळालं त्याची किंमत त्याच समाजातला बंडखोर माणूस भरत होता, त्याचं लग्न, मयत, दफन सगळं अडत होतं. महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणावा लागला तो असल्याच अनुभवांतून, जातपंचायतींचे किस्से आठवा. म्हणून 'विविधता जपा' एवढं म्हणून भागत नाही. बोहरा प्रकरणात गटाची आपल्याच माणसावरची सत्ता वाचली आणि केरळच्या प्रकरणात एकट्या माणसाची सरकारपुढची जागा वाचली. दोन्ही प्रकरणांत धर्मस्वातंत्र्याचंच नाव आहे आणि तरी मला दुसरं पटतं, पहिलं नाही.

निकाल लागला, पण

काढल्याची तारीख २६ जुलै १९८५, निकालाची ११ ऑगस्ट १९८६. मध्ये वर्षापेक्षा जास्त काळ गेला. थोरला दहावीत होता. खटल्याच्या पुस्तकात मुलं जिंकली, पण दहावीच्या मुलाचं वर्ष कोर्टाच्या आदेशानं परत येत नाही. कोट्टायमच्या त्या शाळेत बाकी काहीही बदललं नव्हतं, गाणारे गात होते, आणि वर्ष फुकट गेलं ते फक्त या तिघांचं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, मूळ प्रश्न सुटेपर्यंत मुलांना वर्गात बसू देणं. वडील नेमकं एवढंच मागत होते. ती इतकी वर्षं गप्प उभी राहत होती, आणखी एक वर्ष राहिली असती तर देशाचं काय बिघडलं असतं? शाळा आणि मूल यांच्या कुठल्याही वादात आधी शिकणं चालू ठेवा, वाद मागून घाला. आज निदान पाचवीतल्या धाकटीला तरी कायद्याचं संरक्षण मिळालं असतं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं की प्राथमिक शिक्षण म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. नववी-दहावीच्या दोघांना मात्र आजही ते लागू झालं नसतं.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. श्रद्धा नक्की कुणाची, मुलांची की वडिलांची? पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं मत असू शकतं, पाचवीतल्या मुलीचं काय? निकालात तिघांची श्रद्धा एकच धरली आहे आणि मुलांना वेगळं विचारायला हवं होतं का, यावर चर्चा नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये आमिश या ख्रिस्ती पंथाच्या आईबापांनी मुलांना आठवीनंतर शाळेत पाठवायला नकार दिला, ते प्रकरण आलं तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी हाच मुद्दा काढून अंशतः वेगळं मत दिलं होतं, की मुलांना पण विचारा. व्यक्तीचा हक्क म्हणताना आपण बऱ्याचदा कुटुंबप्रमुखाचा हक्क म्हणत असतो. मुलांना एकटं बसवून शांतपणे विचारलं असतं तर मला वाटतं उत्तर तेच आलं असतं, पण विचारायला हवं होतं.

तिसरं, निकालाची पहिली वाट 'कायदाच नाही' या मुद्द्यावर उभी आहे. मग उद्या विधानसभेनं खरोखर कायदा केला की प्रत्येक विद्यार्थ्यानं गायलंच पाहिजे, तर? कलम २५ ची दुसरी वाट धार्मिक कारण असलेल्याला वाचवेल. पण ज्याला कसलाच धर्म नाही आणि तरी गायचं नाही, त्याचं काय? माझ्या मते सदसद्विवेक हा शब्द कलमात धर्माच्याही आधी आलाय, त्यामुळे नास्तिकालाही तिथे जागा आहे, पण या प्रकरणात तो प्रश्न आलाच नाही, म्हणून सुटलाही नाही.

चौथं म्हणजे उभं राहणं. सगळा निकाल 'मुलं आदरानं उभी राहतात' या पायावर आहे. समजा ती बसून राहिली असती तर?

पुढे काय झालं

महाराष्ट्रात २००३ पासून थिएटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं, आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की बाहेरच्या राज्यात सिनेमा थेट सुरू झाला की चुकल्यासारखं होतं. ३० नोव्हेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं देशभर थिएटरांत ते सक्तीचं केलं आणि सगळ्यांनी उभं राहायचं असंही सांगितलं. यालाही मागे संसदेचा कायदा नव्हता, म्हणजे १९८६ मध्ये खात्याला जे करू दिलं नाही ते आता कोर्ट स्वतः करत होतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी सुनावणीत विचारलं की देशभक्ती अशी बाहीवर मिरवायची गरज काय. शेवटी ९ जानेवारी २०१८ ला लावण्याची सक्ती गेली. मात्र लावलं तर उभं राहायचं, दिव्यांगांना सूट, हे तसंच राहिलं.

नाशिकचं एक प्रकरणही इथे जोडून बघायला हरकत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी एक शिक्षक उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत, त्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. गाणं वेगळं, प्रार्थना वेगळी, पण साचा तोच: उभा आहे, गप्प आहे, कुणाला अडवत नाही आणि तरी 'शिस्तभंग'.

आणि मग हिजाब. कर्नाटक हायकोर्टानं मार्च २०२२ मध्ये वर्गात हिजाब घालू द्या म्हणणाऱ्या मुलींच्या विरोधात निकाल दिला, सुप्रीम कोर्टात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायाधीशांची दोन मतं झाली. न्यायमूर्ती धुलिया म्हणाले केरळच्या मुलांचा निकाल इथे थेट लागू होतो, श्रद्धा मनापासून आहे आणि कुणाला त्रास नाही एवढं पुरे. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता म्हणाले लागू होत नाही, ते प्रकरण वेगळं होतं, इथे युनिफॉर्मचा नियम आहे आणि शाळा धर्मनिरपेक्ष जागा आहे. योग्य बेंच नेमण्यासाठी विषय सरन्यायाधीशांकडे पाठवला गेला. दोन्ही मतं ओळीनं वाचली की कळतं, भांडण हिजाबचं कमी आणि १९८६ च्या निकालाचा अर्थ कुठवर ताणायचा याचं जास्त आहे: तिथे मुलं काही करत नव्हती, इथे मुली काहीतरी घालत होत्या, आणि न करण्याचा हक्क करण्यापर्यंत जातो का, यावर सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींचं जमलं नाही. मला धुलियांचं पटतं, कारण त्याही प्रकरणात वर्गाबाहेर राहिल्या त्या मुलीच.